पाणी बाहेर ठेवणारं छप्पर

सोल स्टेशनातून बाहेर पडून उत्तरेकडे चालत निघालं की दहा मिनिटांच्या आत समोर एक दार उभं राहतं. नुसतं दार. ज्या तटात ते होतं तो तट बहुतेक गेला, आणि ज्या रस्त्यावर ते होतं तो रस्ता आता त्याला वळसा घालून जातो. चहूबाजूंनी बसगाड्या, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे काचेचे मनोरे, आणि मधोमध हिरवळीच्या तुकड्यात दगडी जोत्यावर बसलेलं हे दुमजली लाकडी दार. नोकरीसाठी कोरियात आले त्याच आठवड्यात मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळे कमान बघत होते. मी वळचण बघत होते, किती बाहेर काढलीय ते.

त्याला इलाज नाही. आमचे आप्पा सुतार. रत्नागिरीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. तिथल्या निम्म्या घरांची आढी आप्पांनी चढवलेली. मे महिन्यात कौलं चाळायची वेळ आली की मी खाली उभी राहून एकेक कौल वर द्यायचे आणि आप्पा वरून सांगत असायचे, घर भिंतीवर उभं नसतं गो, छपराखाली उभं असतं. भिंत पडली तर बांधता येते. छपरात पाणी शिरलं की घर संपलं. हे इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुठल्या देवळात गेले तरी आधी नजर वर जाते, मग देवाकडे.

तर या दाराचं नाव सुंगन्येमुन. सोलमध्ये कुणी सहसा या नावाने ओळखत नाही. टॅक्सीवाल्याला, भाजीवालीला, ऑफिसातल्या मुलींना ते ‘नामदेमुन’, म्हणजे दक्षिणेचं मोठं दार. शेजारच्या प्रचंड बाजाराचं नावही तेच. पण पाटीवर आहे ते सुंगन्येमुन, ‘मर्यादेचा मान राखणारं दार’. ‘ये’ या चिनी अक्षराला मराठीत एकच शब्द देणं अवघड आहे. त्यात विधी आहे, रीतभात आहे, मोठ्यांपुढे कसं वागावं तेही आहे.

जोसॉन घराण्याचा पहिला राजा थेजो याने 1394 मध्ये राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला हलवली. त्याचा मंत्री जोंग दोजॉन कन्फ्यूशियसच्या विचारांत मुरलेला. त्याने नगर आखलं ते जणू एखादं सुभाषित जमिनीवर लिहावं तसं. पूर्वेच्या दाराच्या नावात करुणा, पश्चिमेच्या दाराच्या नावात न्याय, दक्षिणेच्या नावात मर्यादा, उत्तरेला शहाणपण, आणि मध्यभागी घंटाघराच्या नावात विश्वास. नगरात कुठूनही शिरा, एखाद्या सद्गुणाखालूनच शिरायचं.

तट दाराआधी उभा राहिला, आणि त्याची गोष्ट मला दारापेक्षाही चटका लावून जाते. 1396 साली पहिल्या टप्प्यात 1,18,070 माणसं कामाला आणली. शेतीचे दिवस टाळून, थंडी सरताना 49 दिवस आणि शरदात पुन्हा 49 दिवस. सुमारे 18.6 किलोमीटरचा तट 97 तुकड्यांत वाटून दिला. त्या तुकड्यांना नावं कशी द्यायची? तिथल्या मुलांना अक्षरं शिकवायचं हजार अक्षरांचं एक पुस्तक असे. त्यातली पहिली 97 अक्षरं ओळीने घेतली. ‘आकाश’पासून सुरुवात. आपल्याकडे ‘अ’ची वाडी, ‘आ’ची वाडी म्हणावं तसं. पुढच्या काळात तर दगडांवर देखरेख करणाऱ्याचं आणि गवंड्याचं नाव कोरायची पद्धत पडली, म्हणजे तट ढासळला तर कुणाला बोलवायचं हे दगडच सांगेल. नामसान टेकडीच्या चढावर असे दगड अजून दिसतात. आप्पांना फोटो पाठवला तर म्हणाले, आपल्या पंचायतीने मोऱ्यांवर हे कोरायला पाहिजे.

दार पुरं झालं 1398 मध्ये. सेजोंग राजाच्या काळात, 1447-48 च्या सुमारास, ते उतरवून जोतं उंच करून पुन्हा चढवलं, आणि 1479 मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. या तारखा कुठल्या बखरीतून शोधाव्या लागल्या असं नाही. 1961 ते 1963 दरम्यान, कोरियन युद्धातल्या तडाख्यानंतर दार पूर्ण सुटं केलं तेव्हा आढ्याच्या लाकडांवर शाईने लिहिलेलं हे सगळं सापडलं. आढं चढवताना त्यावर तारीख लिहायची. आमच्या घराच्या आढ्यावरही शके आहे, आजोबांच्या हातचा. तो बघायला कुणाला तरी माळ्यावर चढावं लागतं.

रोज रात्री दहाच्या सुमारास नगराच्या मध्यातली घंटा 28 वेळा वाजे आणि दारं बंद होत. पहाटे चारच्या सुमारास 33 ठोके पडले की उघडत. अठ्ठावीस हे नक्षत्रांचे; आपण सत्तावीस मोजतो, अभिजित धरला की अठ्ठावीस होतात. तेहतीस हे इंद्राच्या स्वर्गातल्या तेहतीस देवांचे. हा आकडा बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडून निघून, चीन ओलांडून इथल्या घंटेपर्यंत पोचला. ते वाचल्यावर त्या परक्या शहरात मला उगाच जरा घरच्यासारखं वाटलं होतं.

घरचं आणखी एक माणूस मला छपरावरच भेटलं. कोरियातल्या राजवाड्यांच्या आणि वेशींच्या छपरांच्या उतरत्या कोनांवर मातीच्या छोट्या मूर्ती ओळीने बसलेल्या असतात. त्यांना ‘जापसांग’ म्हणतात. अभद्र गोष्टींनी घराकडे फिरकू नये म्हणून त्या. त्यांची जुनी नावं सांगतात त्यांत सर्वांत पुढे बसलेला असतो थांगचा महागुरू, मागे वानर, मग डुक्कर. हा महागुरू म्हणजे आपला ह्युएन त्संग. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवणारा. तो इतका चालला आणि शेवटी त्याला बसायला जागा मिळाली ती कौलांवर. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं अंगावर घेत.

या दाराच्या घडणीत एक भीती पहिल्यापासून भरलेली आहे, आगीची. नदीपलीकडे दक्षिणेला ग्वानाकसान नावाचा डोंगर आहे, सुमारे 630 मीटर उंच, माथ्यावर टोकदार खडक. भूमिलक्षणं बघणाऱ्यांना तो डोंगर म्हणजे पेटलेली ज्वाळा वाटली आणि राजवाडा बरोबर तिच्या समोर. दक्षिण दिशाच मुळी अग्नीची. मग उपाय सुरू झाले. दाराबाहेर एक कमळांचं तळं खोदलं, नामजी नावाचं. ते बुजून आता तिथे रस्ता आहे. आणि दाराची पाटी उभी लावली. बाकीच्या मोठ्या दारांच्या पाट्या आडव्या, हिची एकटीची उभी. कारण असं सांगतात की ‘सुंग’ हे अक्षर वर उठणाऱ्या ज्वाळेसारखं दिसतं, ‘ये’ हे अक्षर पंचतत्त्वांत अग्नीचं. एकावर एक लिहिली की धगधगता जाळ होतो. आगीला आगच दाखवायची. पाटीवरची अक्षरं सेजोंगच्या थोरल्या भावाची, राजपुत्र यांगन्योंगची, असं परंपरा मानते. युवराजपदावरून दूर केलेला हा थोरला भाऊ. अक्षर मात्र असं की मान वर करूनच वाचावं लागतं.

दुष्काळ पडला तर आणखी एक रीत होती. पाऊस ओढ देऊ लागला की दक्षिणेचं हे दार बंद करायचे आणि उत्तरेचं, एरवी बंदच असणारं सुकजोंगमुन उघडायचे. दक्षिण म्हणजे अग्नी, उत्तर म्हणजे पाणी. आग अडवायची, पाण्याला वाट द्यायची. पावसाला बोलावण्याच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्यात, धोंडी धोंडी पाणी दे म्हणत अंगणात भिजलेही आहे, पण वाऱ्यासाठी खिडकी उघडावी तसं पावसासाठी वेशीचं दार उघडणं मला फार आवडलं.

लढायांमध्ये दार म्हणून त्याने फार काही केलं असं नाही. 1592 मध्ये जपानी फौजा बुसानला उतरल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत राजधानीत शिरल्या. राजा आधीच निघून गेला होता. 1636 च्या हिवाळ्यात मांचू घोडेस्वार येत होते तेव्हा राजा इंजो गांगह्वा बेटाकडे जायला या दारापर्यंत आला, पुढची वाट तुटल्याचं त्याला इथेच कळलं आणि तो मागे फिरून दुसऱ्या दाराने नामहानच्या किल्ल्यात गेला. दार होतं तिथेच राहिलं.

दाराला खरं उघडं पाडलं ते 1907 मध्ये, आणि तेही लढाई न होता. ट्राम 1899 मध्येच सोलमध्ये आली होती आणि लवकरच ती या कमानीतूनही धावू लागली. मग कोरियावर जपानचा अंमल घट्ट होत गेला, जपानचा युवराज भेटीला यायचा होता, आणि वाहतुकीला अडचण होते म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंचा तट पाडला गेला. पश्चिमेचं दार, न्यायाचं, 1915 मध्ये ट्रामचा रस्ता रुंद करायला पाडून त्याचा माल लिलावात विकला. ते अजून नाही. दक्षिणेचं का वाचलं? एक हकीकत अशी सांगतात की पाडायचा विचार याचाही होता, पण 1592 च्या स्वारीत कातो कियोमासा हा जपानी सरदार याच दाराने शहरात शिरला होता, म्हणून आपल्या विजयाची खूण समजून ठेवलं. पुढे 1934 मध्ये वसाहतीच्या सरकारने जतनयोग्य वास्तूंची यादी केली, तिच्यात हे दार पहिलं. स्वतंत्र कोरियाने 1962 मध्ये त्याला राष्ट्रीय ठेवा क्रमांक 1 केलं. त्या एक आकड्यावर पुढे कोरियात वर्षानुवर्षं भांडणं झाली. परक्यांनी लावलेला नंबर आपण का मिरवायचा, पहिला मान सेजोंगच्या लिपीच्या ग्रंथाला का नको? शेवटी 2021 मध्ये सरकारने सगळ्याच ठेव्यांचे नंबर काढून टाकले. भाऊबंदकी मिटवायची ही एक पद्धत.

आता छपराकडे येते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

खाली कातळाच्या चिऱ्यांचं जोतं, मध्ये कमान, कमानीच्या पोटाला ढगांत फिरणारे ड्रॅगन रंगवलेले, दाराच्या फळ्यांना लोखंडी पत्रे. वर पाच खणांचा लाकडी मजला, त्यावर दुसरा. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आणि दोन खांबांच्या मधेही लाकडी हातांचे घोस आहेत. हातावर हात, त्यावर आणखी हात, प्रत्येक जण थोडा थोडा पुढे आलेला. खाच आणि कूस, एकमेकांत बसलेली. या हातांमुळे वळचण इतकी बाहेर येते की पावसाचं पाणी लाकडापासून लांब पडतं, आणि छपराचं सगळं ओझं खांबांवर सावकाश उतरतं. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे ज्याने केलं त्याला घाई नव्हती.

कौलं दिसतात ती सगळ्यात वरची. त्यांच्या खाली काय असतं हे बाहेरून कळत नाही. वासे, वाशांवर फळ्या. फळ्यांवर ओंडक्यांचे, जुन्या लाकडांचे तुकडे रचलेले, छपराला हवा तो बाक देण्यासाठी आणि वळचणीच्या ओझ्याला मागून तोल देण्यासाठी. या भरावाला ‘जॉकशिम’ म्हणतात. त्यावर मातीचा थर. त्यावर चुना आणि माती कुटून केलेला घट्ट थर, पाणी अजिबात झिरपू नये म्हणून. मग कौलं. आमच्या घराला रीप आणि वर कौल, बस. उन्हाची तिरीप आत येते, पावसाळ्यात तुषारही येतात. इथे तसं काही नाही. हे छप्पर म्हणजे वर घट्ट झाकण लावलेली लाकडाची वखार.

10 फेब्रुवारी 2008. चांद्र नववर्षाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, रविवार. रात्री पावणेनऊच्या सुमारास 69 वर्षांचा एक माणूस शिडी लावून वर चढला. जवळ बाटल्यांत रंगात घालायचं थिनर आणि लायटर. सरकारी विकासकामात त्याची जमीन गेली होती, मोबदला कमी मिळाला म्हणून त्याचा राग होता. दोन वर्षांपूर्वी त्याने याच रागात एका राजवाड्यातही आग लावली होती आणि त्यातून सौम्य शिक्षेवर सुटला होता. दार रात्री राखायला कुणी नव्हतं. 2005-06 पासून हिरवळ करून, कमान उघडून ते लोकांच्या जवळ आणलं होतं. चांगलंच केलं होतं, फक्त रात्रीचा विचार राहून गेला. थोडी अग्निशामक नळकांडी, तुषारयंत्रणा नाही.

बंब काही मिनिटांत आले. पाण्याचे फवारे सुरू झाले. दिसणाऱ्या ज्वाळा बसल्या, धूर राहिला, आणि सगळ्यांना वाटलं की आटोक्यात आली. पण आग तोवर वाशांवरच्या फळ्यांतून भरावात शिरली होती. शेकडो वर्षं वाळलेलं लाकूड, वर चुन्याचा थर. बंबांचं पाणी कौलांवर पडत होतं आणि कौलांनी त्याचं जे करायला हवं तेच केलं. खाली सोडून दिलं. थंडी अशी की पडलेलं पाणी कौलांवर गोठून बर्फ होत होतं. छप्पर फोडून आतून पाणी मारायचं, तर राष्ट्रीय ठेव्याला हात लावायचा कसा यावर आधीच वेळ गेला होता. फोडायचं ठरलं तेव्हा त्या बर्फावर उभं राहता येईना. वाहिन्या थेट दाखवत होत्या. लोक रात्रभर डोळ्यांसमोर बघत होते की एवढे बंब, एवढं पाणी, आणि आग आतच.

अकराच्या सुमारास जवानांनी पाटी कापून खाली सोडली. पडताना ती मोडली, तुकडे उडाले, पण वाचली. आग भिववायला लावलेली पाटी तेवढी आगीतून बाहेर आली. मध्यरात्रीनंतर वरचा मजला पेटून उठला आणि दोनच्या आत-बाहेर छप्पर कोसळलं. पाच तास.

वर्षानुवर्षं ज्या थराने एक थेंब आत येऊ दिला नाही, त्या रात्रीही त्याने थेंब आत येऊ दिला नाही. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर होते. माझी कोरियन सहकारी सांगत होती. ती तेव्हा कॉलेजात होती आणि सुट्टी संपवून गावाहून परत येत होती. सकाळी ती स्टेशनातून सरळ तिकडे गेली. ठिकऱ्या झालेली कौलं, वाफ, काळे वासे, आणि पोलिसांच्या दोरीशी लोक पांढऱ्या शेवंतीची फुलं ठेवत होते. काही म्हातारी माणसं रस्त्यावर डोकं टेकवून नमस्कार करत होती, एखाद्या वडीलधाऱ्याच्या मयताला करावा तसा. ती म्हणाली, त्या दाराकडे मी आधी कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. बसमधून दिसायचं एवढंच.

मग राग. सांस्कृतिक वारसा खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. निवडून आलेले पण अजून शपथ न घेतलेले राष्ट्राध्यक्ष म्हणाले, लोकवर्गणीतून बांधू. लोक म्हणाले, चूक तुमची आणि वर्गणी आमची? जळका मलबा डंपिंगला जातोय असं कळल्यावर आणखी ओरड झाली, तेव्हा कोळसा झालेले तुकडेसुद्धा नंबर घालून जपायचं ठरलं. खालचा मजला बराचसा टिकला होता, जोतं शाबूत होतं. आग लावणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. 10 फेब्रुवारी आता तिथे वारसा-वास्तूंना आपत्तीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात.

नशिबाने 2006 मध्येच दाराचे बारीकसारीक मापांचे नकाशे करून ठेवले होते, 182 पानांचे. नकाशे होते, प्रश्न हातांचा होता. ठरलं असं की जुन्या पद्धतीनेच करायचं. लाकूड करवतीने, वाकसाने, रंध्याने. दगड टाकीच्या घावांनी. कौलं हाताने थापून भट्टीत भाजलेली, कारखान्याची नव्हेत. दाराशेजारीच लोहाराचा भाता बसवला. लाकूड आणलं पूर्व किनाऱ्यावरच्या सामचॉकहून. तिथे थेजो राजाच्या एका पूर्वजाची समाधी आहे आणि तिच्याभोवती सरळसोट लाल पाइनचं राखीव रान. म्हणजे वंशजाने बांधलेल्या दारासाठी पूर्वजाच्या अंगणातली झाडं. डिसेंबर 2008 मध्ये 20 झाडं तोडली. कुऱ्हाड लावण्याआधी पूजा झाली आणि सुताराने झाडासमोर मोठ्याने पुकारा केला, ‘ऑम्योंगियो!’ राजाज्ञा आहे. झाडाने राग धरू नये म्हणून. राजा नाही, राज्य नाही, पण झाडाला सांगताना राजाच्याच नावाने सांगायचं. आप्पाही झाड तोडायच्या आदल्या दिवशी बुंध्याशी नारळ ठेवून येतात. काय पुटपुटतात ते आम्हाला कधी सांगितलं नाही.

हे सगळं मी त्यांना हौसेने सांगत होते, तर त्यांनी मधेच विचारलं, “लाकूड सुकवलं किती?”

मी हिशोब केला. तोडलं 2008 च्या अखेरीला, काम सुरू 2010 मध्ये, दार खुलं झालं 4 मे 2013 ला. दोन-तीन वर्षं.

“एवढा जाड खांब? कमी आहे.”

दार खुलं झाल्यावर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा खांबांना भेगा दिसल्याच्या बातम्या आल्याच. पाइनला भेगा जायच्याच, त्याने बळ कमी होत नाही असं जाणकारांनी सांगितलं, आणि ते खरंही असेल. पण त्याहून वाईट झालं ते रंगांचं.

या वास्तूंच्या लाकडावर पाच रंगांची नक्षी असते, ‘दानचोंग’. निळाई-हिरवाई, लाल, पिवळा, काळा, पांढरा. दिसायला देखणी, पण मूळ काम लाकूड राखायचं, कीड आणि ओल यांपासून. जुन्या पद्धतीत मातीचे, दगडांचे रंग सरसात कालवून लावतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस. आमच्या पडवीतही चुलीवर पाण्याच्या भांड्यात ठेवून तो वितळवायचे, आणि त्याच्या वासाने आई त्या दिवशी जेवायची नाही. सरसाचं असं असतं की थंडी पडली की गोठतो, दमट झालं की ओघळतो. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहावं लागतं. कोरियात सत्तरच्या दशकापासून सगळीकडे रासायनिक रंग आले होते. म्हणजे दार जळलं तेव्हा सरसाचं काम रोज करणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते. काम ज्या उस्तादाकडे दिलं त्याने सुरुवात जुन्या पद्धतीने केली, जमेना, मुदत जवळ येत होती. मग गुपचूप रासायनिक रंग आणि रासायनिक चिकट मिसळलं. काही महिन्यांतच वळचणीखालची कमळं पापुद्रे धरून गळू लागली. सत्य बाहेर आलं, खटला चालला, आणि 2022 मध्ये न्यायालयाने त्याला सुमारे 94 कोटी वॉन भरपाई द्यायला सांगितलं.

वर्तमानपत्रांनी त्याला खलनायक केलं. फसवणूक होतीच, त्याला मी पांघरूण घालत नाही. पण मला त्या माणसाची एक संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. परातीत गोठलेला सरस, बाहेर कॅमेरे, भिंतीवर कॅलेंडर. देशाने चाळीस वर्षं ज्या विद्येला काम दिलं नाही ती एका मुदतीत परत मागितली होती. आमच्या गावात आता लाकडी छप्पर कुणी करत नाही, लोखंडी पाइप आणि वर पत्रा. आप्पांकडे शेवटचा शिकाऊ होता तो चिपळूणला फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापतो. उद्या कुणी येऊन म्हणालं की कोनवासा जुन्या पद्धतीने बसवून द्या, तीन महिन्यांत पाहिजे, तर तो नाही म्हणेल का? मला नाही वाटत.

मी शुक्रवारी संध्याकाळी नामदेमुनच्या बाजारात जायचे. तिथे भाजी आणि शेवया भरलेली तळलेली पोळी मिळते, होत्तोक. रांग मोठी असते पण सरकते भराभर. ती कागदात धरून दाराच्या हिरवळीपर्यंत चालत यायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना पाडलेल्या तटाचा थोडा भाग पुन्हा जोडला आहे, नामसानच्या अंगाला 53 मीटर, दुसऱ्या अंगाला 16 मीटर. दगड कुठे जुना आणि कुठे नवा हे लांबून कळतं. जुना काळवंडलेला, नवा पिठासारखा पांढरा. मला ते आवडतं, कुणी रंग लावून सारखं केलं नाही म्हणून.

जूनच्या अखेरीस तिथला पावसाळा सुरू होतो, ‘जांगमा’. एका शनिवारी चांगला आपल्यासारखा पाऊस लागला होता. मी छत्री घेऊन मुद्दाम गेले आणि आप्पांना फोन लावला. कमानीजवळ आडोशाला उभी राहून फोन वर धरला. कौलांवरून पागोळ्या सरळ रेषेत पडत होत्या. खालचे लाकडी हात कोरडे होते.

“गळत नाही ना?”

“आत नाही दिसत, पण नसेल.”

“मग आता आग लागली तर?”

मी त्यांना सांगितलं की आता दोन्ही मजल्यांवर आतून नळ्या फिरवल्यात, तुषार सोडणाऱ्या, शिवाय धूर-जाळ हुडकणारी यंत्रं, कॅमेरे, रात्रंदिवस पहारा.

पलीकडे आप्पांनी चष्मा काढून पंचाला पुसला. आमच्याकडेही पाऊस होता, त्याचा पत्र्यावरचा आवाज फोनमधून इकडे येत होता; पडवी गेल्याच वर्षी पत्र्याची केली.

“म्हणजे पाणी आता आतच नेऊन ठेवलंय,” ते म्हणाले. “कॅमेरा जरा डावीकडे घे. त्या कोनाखाली बघू, काय केलंय ते.”